महजूबाचं जंगल

आमच्या समुद्र-संशोधन संस्थेत हातांना क्रीम लावायची सोय नव्हती. तसा काही नियम नव्हता, पण महजूबा होती. जिन्यावर तिची पावलं वाजली की मी डबी खणात ढकलायचे आणि कागद चाळत बसायचे. तरी ती दारात उभी राहून नाक वर करायची.

"तमू, काय लावलंयस?"

"काही नाही गं बाई."

"बदामाचा वास येतोय."

"सकाळी पावाला बदामाचं अम्लू लावून खाल्लं, त्याचा असेल."

"मग तोंड धू. आणि माझ्या खोलीच्या कडीला हात लावू नकोस."

मी सामान मागवणाऱ्या विभागात कारकून. तिच्या प्रयोगशाळेत माझं पाऊल पडलं तर पडलं. तरी हा जाच मला, टायपिस्टला, झाडूवालीला आणि पाहुण्यांनासुद्धा. अगादीरला आलेल्या एका परदेशी बाईंना तिने ओठांचा रंग पुसायला लावला होता. त्या बाई आमच्या संस्थेला यंत्र देणार होत्या. नशीब, दिलं.

या वेडाचं कारण तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मलाही डॉक्टरेट मिळायला हरकत नाही. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. उन्हात पान सुकू नये म्हणून झाड तो स्वतःच धरतं. पान गळतं, त्याचा चुरा होतो, वारा तो चुरा समुद्रावर नेतो, ओढ्याचं पाणीही नेतं. पानाचं बाकी सगळं कुजून जातं, मेण मात्र तळाच्या गाळात हजारो वर्षं तसंच राहतं. झाडांचं मेण वेगळं, गवताचं वेगळं. यंत्रातून कागदावर सुळके उमटतात, त्यांच्या उंचीवरून कळतं की ज्या काळात तो गाळ बसला त्या काळात जमिनीवर झाडी होती, गवत होतं, की नुसती माती उडत होती. पण चमचाभर गाळात हे मेण इतकं थोडं असतं की बोटाला लागलेली क्रीमसुद्धा त्याला बुडवून टाकते. म्हणून आमचा छळ.

तिने स्वतःचाही छळ कमी केला नव्हता. आमच्या मुलखात मूल जन्माला आलं की पहिलं आर्गानच्या बियांचं तेल लावतात, आणि म्हातारी मेली तरी तिच्या उशाची तेलाची बाटली सुना वाटून घेतात. या मुलखात जन्मून महजूबाने कित्येक वर्षं हाताला तेल लावलं नव्हतं. सॉल्व्हंटमध्ये बुडून बुडून बोटांना भेगा पडल्या होत्या, थंडीत त्यांतून रक्त यायचं. लग्नाकार्यात मेंदीचं ताट समोर आलं की ती हात ओढणीखाली घ्यायची.

"मेंदी नाही, तेल नाही. कुणाचा शोक पाळतेयस गं?" माझी आत्या एकदा भर मांडवात म्हणाली.

"गाळाचा," महजूबा म्हणाली, आणि बडीशेपेची बिस्किटं खात राहिली.

ती अगादीरच्या वरच्या डोंगरातली, मधाच्या गावची. बाप बिही मधमाश्या पाळायचा, अजून पाळतो. रसायनशास्त्र शिकून ती आमच्याकडे लागली ती यंत्र चालवायला. रबातहून, फेसहून पोरं यायची, बाटल्या ठेवून जायची, ही त्यांची मेणं काढून द्यायची. ती पोरं डॉक्टर होऊन गेली. त्यातली दोन-तीन आता तिच्या सुट्टीच्या अर्जावर सह्या करतात. चाळिशी उलटल्यावर तिने स्वतःचं नाव विद्यापीठात घातलं. विषय लहानपणापासून डोक्यात होता. आमच्या डोंगरांवर कधी झाडी होती का?

हा प्रश्न तिच्या घरात भांडणाचा होता. बिहीबाबा म्हणायचे, "होतीच. माझ्या आजोबांना रानात वाट सापडत नसे." त्यावर तिची आई म्हणायची, "त्यांना घरातही सापडत नसे." आई गेली, भांडण तसंच राहिलं.

उत्तर समुद्राच्या तळाशी होतं आणि तिथवर जायला संस्थेची बोट लागत होती. या बोटीबद्दल मी जितकं कमी बोलेन तितकं माझ्या रक्तदाबाला बरं. एक वर्ष इंजिन बिघडलं. पुढच्या वर्षी इंजिन होतं तर परवानगी नव्हती. परवानगी आली तेव्हा मोठ्या लोकांना मासे मोजायला जायचं होतं. मग एकदाची बोट निघाली तर वारा असा की सगळे ओकत परत आले. महजूबा दर वेळी बंदरावरून माझ्याकडे यायची, खुर्चीत बसायची आणि म्हणायची, "तमू, चहा." मी समजायचे. साखर दुप्पट घालायचे.

अखेर नळी भरून आली. समुद्राच्या तळात खुपसलेली लांबलचक प्लास्टिकची नळी, तिच्यात वर आजचा गाळ आणि खाली हजारो वर्षांपूर्वीचा. विद्यापीठाने आधीच दोनदा मुदत वाढवून दिली होती. आता दुसरी नळी मिळायची नव्हती आणि तिसऱ्यांदा मुदतही नाही. तिच्या सगळ्या जन्माचं काम त्या एका नळीत होतं, आणि हे तिला जितकं ठाऊक होतं तितकंच मलाही.

बोटीवर नळी वर घेतली ती मालेम इद्देरनी. मालेम म्हणजे उस्ताद, हातात कला असलेला माणूस. इद्देर मालेम साठीचे, जन्म सारडीन मासळीच्या होड्यांवर गेलेला, आता संस्थेच्या बोटीवर दोर, जाळी, कप्प्या सगळं त्यांच्याकडे. महजूबाला ते चारचौघांत लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे, एरवी पोरी. वाऱ्याच्या त्या वाईट फेरीत ओकणाऱ्या महजूबाचं डोकं त्यांनी धरलं होतं. म्हणून पुढच्या खेपेआधी बिहीबाबांनी त्यांच्यासाठी मधाची बरणी आणि आपल्या पोळ्यांच्या मेणाचा गोळा पाठवला. जाळी शिवणाऱ्याला याहून चांगली भेट कुठली? महजूबाने तो गोळा फॉइलच्या तीन पदरांत गुंडाळून, हात लांब धरून, बंदराच्या फाटकातच त्यांना दिला आणि मग कोपरापर्यंत हात धुतले. फाटकावरचा पहारेकरी हसत होता. मीही हसले होते.

मग नळी उभी चिरायचं काम आलं. आधी मीटर-मीटरचे तुकडे करायचे, मग प्लास्टिक दोन्ही बाजूंनी कापायचं, आणि आतल्या गाळातून वरून खालपर्यंत बारीक तार ओढायची. नळीच्या दोन अर्ध्या होतात. एक कामाची, एक राखीव. राखीवला कुणी हात लावायचा नाही, ती थंड खोलीत झोपते. बंदराच्या शेडमध्ये हे काम चालू होतं, बाहेर रेताड गरम वारा. आमचा गाळ भलताच चिकट निघाला. तार अडायची, गाळ ओरबाडायची, थरांचा चिखल व्हायचा. पहिला तुकडा तसाच वाया गेला.

महजूबाने मला फोन केला. नळ्यांची टोकं झाकायच्या टोपणांचं खोकं कुरियरवाल्याने कुठल्यातरी गोदामात टाकून दिलं होतं आणि तो फोन उचलत नव्हता.

"तमू, माझा गाळ उघडा पडलाय आणि तू टोपणं कुठे ठेवलीयस?"

"मी ठेवलेली नाहीत, त्या मेल्याने ठेवलीयत!"

"मग त्याच्या घरी जा!"

"पत्ता दे, जाते!"

आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींवर ओरडलो. ती शेडबाहेर भिंतीच्या सावलीत उभी होती. फोन ठेवून आत गेली तर मालेम इद्देरनी दुसरा तुकडा चिरून ठेवलेला. काप असा स्वच्छ की एकेक थर मोजून घ्यावा.

"मालेम, कसं केलंत?"

"तुला तारेला हात लावता येत नाही, पोरी. जा, बस."

संध्याकाळपर्यंत सगळी नळी चिरून झाली. महजूबाने मालेमच्या डोक्याचं चुंबन घेतलं. आम्ही वडीलधाऱ्यांचं घेतो तसं.

पुढचे महिने ती प्रयोगशाळेतून बाहेर आली नाही म्हटलं तरी चालेल. यंत्राला लागणाऱ्या हेलियमचा सिलिंडर संपायचा, वीज जायची, यंत्र रुसायचं, आणि दर वेळी माझ्या नावाने खडे फुटायचे. गाळाचा वरचा पापुद्रा काचेने खरवडून टाकायचा, आतला चमचाभर घ्यायचा, ही तिची शिस्त. रिकाम्या बाटल्याही यंत्रात घालून बघायची, त्या स्वच्छ निघायच्या. आणि मग रमजानच्या आधी एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली आणि उभीच राहिली.

"झाडं आहेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"सगळीकडे. वरपासून खालपर्यंत. लोक म्हणतात पाच हजार वर्षांपूर्वी इकडचा हिरवा काळ संपला. माझ्या गाळात संपलेलाच नाही. आपल्या डोंगरांवर झाडी टिकून होती, तमू."

"मग रडतेस कशाला?"

"सगळे सुळके इतके सारखे कसे? मी तीनदा करून बघितलं. तेच येतंय."

ही तिची शंका मी तेव्हा वाऱ्यावर सोडली. मीच काय, आमचे संचालक डॉक्टर ताझी यांनीही सोडली. ते फेसचे, गोड बोलणारे, इस्त्रीचा कोट घालून रेडिओवर गेले आणि म्हणाले की आमच्या संस्थेला आमच्या सूस मुलखाच्या डोंगरांवरचं प्राचीन जंगल सापडलंय. वरच्या गावात बिहीबाबांनी बाजाराच्या दिवशी रेडिओ मोठा करून खेचराच्या खोगिरावर ठेवला. आख्ख्या बाजाराला त्यांनी सांगितलं की आजोबा खरं बोलत होते.

रमजान संपला, ईद झाली. महजूबा मला म्हणाली, "चल, मालेमना मिठाई देऊन येऊ. तार त्यांनी ओढली नसती तर काही झालं नसतं."

दुपारी आम्ही बंदरावर गेलो. निळ्या होड्यांच्या रांगेशेजारी मालेम इद्देर जाळं मांडीवर घेऊन बसले होते. आमच्यासाठी त्यांनी खोकी उलटी केली, कुणालातरी चहा आणायला पिटाळलं. मिठाईचा डबा उघडून सगळ्या होडीवाल्यांना दाखवला. "ही ती लल्ला, जंगलवाली," ते म्हणाले, "आणि मी तिच्या नळीचा मालक."

"मालक नाही, मालेम," महजूबा हसून म्हणाली. इतकी मोकळी मी तिला क्वचित बघितली होती.

मालेमनी नवा दोरा घेतला. खिशातून पिवळा गोळा काढला, त्यावर दोरा दोनदा ओढला आणि सुईत घातला. हे आमच्या बंदरावर कुणीही करतं. मेणाशिवाय दोरा जाळ्यातून सरकत नाही, गाठ बसत नाही. पोरंसुद्धा विचारत नाहीत.

"बाबांचं मेण संपत आलं की," महजूबा म्हणाली.

"संपणारच. किती कामाला आलं! तुझ्या तारेलाही तेच लावलं ना मी. नाहीतर ती तार त्या चिखलातून कुठली जायला! प्रत्येक तुकड्याला नव्याने ओढली मेणावरून. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं मेण कशाला, पोरीच्या घरचंच लावावं, बरकत असते." आणि मग माझ्याकडे बघून, मोठ्या अभिमानाने, "आधी हात धुतले हां मी. साबणाने, तीनदा. हिचा हुकूमच आहे."

महजूबाच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला. मला वाटलं ती किंचाळेल. मला किंचाळायचं होतं. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक माणसाला, बाटलीला, कडीला तिने बजावलं होतं. मालेमना एवढंच सांगितलं होतं की हात धुवा. त्यांनी धुतले होते.

"चांगली सरकली तार," ती म्हणाली.

"लोण्यातून सुरी!" मालेम म्हणाले.

"हो. लोण्यातून सुरी."

तिने चहा संपवला, मालेमच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि आम्ही निघालो. फाटकाबाहेर आल्यावर तिने भिंतीवर अशी लाथ मारली की तिची चप्पल तुटली. रस्त्याच्या मधोमध एका पायात चप्पल घालून ती उभी होती आणि टॅक्सीवाले भोंगे वाजवत होते.

"ओरड," मी म्हटलं. "त्यांच्यावर ओरडायचंस ना!"

"काय ओरडू? माझ्याच घरचं मेण! माझ्याच हाताने दिलं, तमू! क्रीम लावली म्हणून तुझा जीव खाल्ला मी, आणि बापाचा मेणाचा गोळा नेऊन तारेपाशी ठेवला!"

"कदाचित एवढ्याने काही होत नसेल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाकून तिची तुटकी चप्पल उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने बिहीबाबांच्या पोळ्याचं नखाएवढं मेण विरघळवून यंत्रात घातलं. मला बोलावून दोन कागद शेजारी ठेवले. एकावर पाच हजार वर्षांचं जंगल, एकावर गेल्या उन्हाळ्यातल्या मधमाश्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोन्ही चित्रं एकसारखी आहेत हे शाळेतलं मूलही सांगेल. मधमाशीच्या मेणाचे सुळके झाडांच्या मेणासारखेच उभे राहतात. आणि तळाशी दोन बारीक सुळके होते, झाडाच्या पानांत कधी नसणारे. ते सगळ्या कागदांवर होते. पापुद्रा खरवडला तरी त्या चिकट गाळात तारेचं मेण आत ओढलं गेलं होतं. "हे मी बघितले होते," ती म्हणाली. "मला वाटलं यंत्राची खोड असेल. मला जंगल हवं होतं ना."

डॉक्टर ताझींकडे ती एकटी जाणार होती. संस्थेत त्यांना सगळे सी ताझी म्हणतात, म्हणजे ताझीसाहेब. मी सह्यांचे कागद घेऊन मागून गेले. मला ऐकायचं होतं आणि कुणी हाकलतं का तेही बघायचं होतं.

"लल्ला महजूबा," ताझी सगळं ऐकून म्हणाले, "हे तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय."

"महिन्यावर परिषद आहे. लोक येणार आहेत, नवीन बोटीचं चाललंय. आत्ता मांडू या. पुढच्या वर्षी तुम्ही सुधारित आकडे द्या. विज्ञानात सुधारणा होतच असते."

"सी ताझी, ते मेण माझ्या बापाच्या माश्यांचं आहे. मी त्याला जंगल म्हणू?"

"म्हणा असं कुठे म्हणतोय मी? गप्प राहा म्हणतोय."

"मग मला राखीव अर्धी द्या, कामाची तर संपली. पाठीमागून कापते, जिथे तार पोचली नाही तिथलं घेते."

"राखीव अर्धी कापायची नसते. म्हणून तिला राखीव म्हणतात."

"कुणासाठी राखीव? तिच्यावरही तेच मेण आहे!"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "सी ताझी, सही नाही केलीत तर परिषदेत ही उठून उभी राहील, आणि तुम्हाला ठाऊक आहे ही उभी राहते." सही केली, पण परिषद होऊन गेल्यावर. तोवर सगळ्यांना त्यांनी सांगितलं की आकडे पुन्हा तपासतोय. महजूबाचं नाव कार्यक्रमातून काढलं होतं. नवीन बोटीचं अजून चाललंच आहे.

विद्यापीठाची मुदत आता तोंडाशी आली होती. राखीव तुकडे थंड खोलीतून आणले आणि नवीनच घोडं अडलं. प्लास्टिक पाठीमागून कापायचं, तेही आतला गाळ न हलवता. महजूबाने एका बिनमहत्त्वाच्या तुकड्यावर करून बघितलं, आतल्या थरांचा शिरा झाला. हे काम करणारा हात आमच्या बंदरावर एकच होता.

"दुसरं कुणी बघ," ती मला म्हणाली.

"दुसरं कुणी नाही."

"मग त्यांना काही सांगू नकोस. नुसतं कापायला सांगू."

"आणि ते करवतीला मेण लावतील, ते?"

ती खाली बसली. कारण लावणारच होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या मेणाने एकदा इतकं छान काम केलं ते दुसऱ्यांदा का नाही लावायचं?

मालेम इद्देर आले ते ईदचा झगा घालून. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच येत होते. दारातच त्यांनी हात धुतले, मग खिशात हात घातला आणि तो पिवळा गोळा काढला. लिंबाएवढा राहिला होता. "पोरी, करवत आण," ते म्हणाले.

महजूबाने गोळा त्यांच्या हातून घेतला नाही. बोलली. सगळं बोलली, ताझींना सांगितलं तसंच, एकही शब्द गोड न करता. पानाचं मेण, माशीचं मेण, तार. तिचा आवाज चढत गेला. "जंगल नव्हतं, मालेम. रेडिओवर सांगितलं ते जंगल या गोळ्यातलं होतं. माझी सगळी वर्षं गेली त्यात!"

मालेम गोळ्याकडे बघत होते.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"ईदच्या मिठाईच्या दिवशी. तुम्ही दोरा ओढलात तेव्हा."

"आणि तू चहा प्यायलीस."

"हो."

"तेव्हापासून मी सगळ्या बंदराला सांगत फिरतोय," ते म्हणाले. "माझ्या सुनेला सांगितलं, मशिदीत सांगितलं. की हे जंगल मी कापून काढलं. त्या दिवशी माझ्या तोंडावर ओरडली असतीस तर मी एका दिवसाचा मूर्ख झालो असतो, पोरी."

महजूबाने हात ओढणीखाली घेतले.

ते बाहेर गेले. मला वाटलं गेले ते गेलेच. खिडकीतून बघितलं तर गोळा पायरीवर ठेवून, बाहेरच्या नळाखाली वाळूने हात घासत होते. परत आले, झग्याच्या बाह्या वर केल्या. "कोरडी करवत दे," म्हणाले. कोरड्या करवतीने प्लास्टिक कापणं म्हणजे काय ते त्यांच्या बोटांना विचारा. दर वीतभर थांबायचे, पातं कापडाने पुसायचे, पुन्हा लावायचे. जाताना महजूबाने डोक्याचं चुंबन घ्यायला पुढे केलेलं तोंड त्यांनी चुकवलं नाही, पण डोकं खालीही आणलं नाही.

या खेपेला चमचा नव्हता, चिमूट होती. तार न पोचलेला गाळ इतका थोडा होता की एकेक नमुना एकदाच करता येणार होता. चुकला तर गेला. महजूबा धड जेवायचीही नाही. शेवटच्या आठवड्यात हेलियम संपलं आणि मी खरंच एका गॅसवाल्याच्या घरी जाऊन बसले, त्याची बायको मला हरीऱ्याचं गरम सूप वाढत होती तरी सिलिंडर मिळेपर्यंत उठले नाही.

विद्यापीठाची मुदत टळून गेली त्यानंतर ती माझ्या टेबलापाशी आली.

"झालं," ती म्हणाली.

"काय आलं?"

"गवत. आधी बऱ्यापैकी गवत, मग कमी, मग अजून कमी. झाडं म्हणावीत अशी नाहीतच. जसं सगळे म्हणतात तसंच."

"आणि डॉक्टरेट?"

"पुन्हा नाव घाला म्हणतात. पुन्हा पहिल्यापासून."

मी विद्यापीठाला, कुरियरवाल्याला आणि ताझींना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत होती असं वाटलं नाही. तिने माझ्याच फोनवरून वरच्या गावी फोन लावला.

"बाबा, जंगल नव्हतं. गवत होतं."

पलीकडून बिहीबाबा इतक्या मोठ्याने बोलत होते की मला सगळं ऐकू आलं. "अगं पण मी बाजारात सांगितलंय जंगल! आता काय सांगू?"

"सांगा, पोरीने चूक केली."

"छे! सांगतो, गवत होतं. गवत काय वाईट? मेंढ्या काय जंगल खातात?" मग जरा थांबून, "तुझ्या आईला आनंद झाला असता. ती म्हणतच होती."

महजूबाने फोन ठेवला. खुर्ची ओढून बसली. मी चहा करायला उठले तर म्हणाली, "नको. नमुने संपले, तमू. एक चिमूटही उरलेली नाही. आता बिघडवायला काही नाही."

मग तिने तिचे हात माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर, पालथे ठेवले. भेगांमध्ये काळं बसलं होतं.

"ती तुझी डबी काढ," ती म्हणाली. "खणातली."

मी काढली. झाकण उघडलं, बदामाचा वास आला, तिने नाक वर केलं नाही. मी तिच्या एकेका बोटाला क्रीम चोळत होते आणि ती खिडकीबाहेर बंदराकडे बघत होती. चुरचुरतंय का विचारलं तर हो म्हणाली, आणि दुसरा हात पुढे केला.